जनावरांची प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकणे थांबवावे का? गिधाडांच्या अनुभवावरून एक चर्चा

निवृत्त पशुवैद्यक (विषय मांडणारे):

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो आहे. १९९० नंतर डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन जनावरांसाठी सर्रास मिळू लागले, तेव्हा खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या आम्हा पशुवैद्यकांना ती फार मोठी सोय वाटली होती. ताप, सुजलेली कास, लंगडणारा बैल, अडलेल्या वेतानंतर उठू न शकणारी म्हैस, अशा प्रत्येक वेळी ते उपयोगी पडे. ते स्वस्त होते आणि थोड्याच वेळात जनावर वैरणीला तोंड लावत असल्यामुळे शेतकऱ्याचा आमच्यावर विश्वासही बसे. मी स्वतः ते शेकडो जनावरांना टोचले. त्यांतली जी दगावली ती रीतीप्रमाणे गावाबाहेर ओढून टाकली गेली आणि गिधाडांनी खाल्ली.

त्याच दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना माना टाकून बसलेली आणि झाडाखाली मरून पडलेली गिधाडे दिसू लागली. कित्येक वर्षे एखाद्या विषाणूचाच शोध चालला होता. अखेर २००४ मध्ये, पाकिस्तानच्या पंजाबात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटाने खरे कारण दाखवून दिले. डायक्लोफिनॅक टोचलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, युरिक ॲसिड शरीरात साचते आणि हृदयावर व यकृतावर खडूसारखा पांढरा थर चढतो. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली आणि लांब चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी. मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे. दर शंभर मृत जनावरांमागे एकाहूनही कमी जनावर दूषित असले तरी एवढा संहार घडायला ते पुरेसे होते, असे संशोधकांचे गणित सांगते. म्हणजे आम्ही प्रत्येक जण 'माझ्या एका सुईने काय होणार' असे म्हणत होतो, आणि नेमके त्या एकेका सुईनेच झाले.

जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, तोवर जे जायचे ते गेले होते.

हे आज आठवायचे कारण असे की, आता तीच वागणूक आपण प्रतिजैविकांच्या बाबतीत करत आहोत. तालुक्याच्या बाजारपेठेत सेफ्ट्रायॅक्सोन, एन्रोफ्लॉक्सासिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन ही औषधे नाव सांगताच हातात मिळतात. कायद्याने ती चिठ्ठीवरच विकायची आहेत, पण चिठ्ठी कोणी मागत नाही. तीन दिवसांचा कोर्स एका दिवसात थांबतो, विषाणूजन्य तापातही प्रतिजैविक टोचले जाते, आणि टोचल्यावर किती दिवस दूध विकायचे नाही हे लेबलवर लिहिलेले कोणी वाचत नाही. गोठ्यात तयार झालेला औषधाला न जुमानणारा जिवाणू शेणातून शेतात, पाण्यात, बगळ्या-कावळ्यांच्या पोटात आणि शेवटी माणसात पोहोचतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, माणसांच्या गंभीर आजारांसाठी जी प्रतिजैविके महत्त्वाची आहेत, त्यांची जनावरांसाठी होणारी चिठ्ठीविना विक्री खरोखर बंद करावी, दुकानदाराच्या नोंदवह्या तपासाव्यात आणि यासाठी आणखी पुराव्याची वाट पाहू नये. विरोधी मते अवश्य मांडावीत.

माणदेशचा गोपालक:

डॉक्टरसाहेब, आपण आपली चूक उघडपणे सांगितलीत याबद्दल आदर आहे. पण त्या चुकीची भरपाई आमच्याकडून करून घेऊ नका, एवढीच विनंती आहे.

माझ्याकडे सात संकरित गाई आहेत. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहा वाजता एका गाईची कास दगडासारखी झाली, दुधात गुठळ्या आल्या आणि अंगात ताप भरला. जवळचा सरकारी दवाखाना बावीस किलोमीटरवर आहे आणि तिथल्या डॉक्टरांकडे आणखी दोन दवाखान्यांचा कार्यभार होता. सकाळपर्यंत थांबलो असतो तर एक सड कायमचा गेला असता, कदाचित गायही गेली असती. मी दुकानदाराला घरून उठवून इंजेक्शन आणि सडात सोडायच्या ट्यूब आणल्या आणि गाय वाचली. आपल्या प्रस्तावानुसार त्या दुकानदाराने मला नाही म्हणायला हवे होते. मग माझ्या गाईचे काय झाले असते, याचे उत्तर आपल्या लेखात कुठेच नाही.

दुसरे, दुधाबद्दल. लेबलवर काळ दिलेला नसेल तर नियमाप्रमाणे सात दिवस दूध विकता येत नाही. माझ्या या गाईचे अठरा लिटर धरा, सात दिवसांचे १२६ लिटर झाले. ते ओतून दिल्याचे पैसे कोण देणार? संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) पाहून दर ठरतो. मी प्रामाणिकपणे दूध ओतून दिले तर मला एक रुपया जास्त मिळत नाही आणि शेजाऱ्याने तेच दूध घातले तर त्याचा एक रुपयाही कापला जात नाही.

आणि तिसरी गोष्ट जरा कडू आहे. आमच्याकडे चिठ्ठी लिहिणारा आणि औषध विकणारा बहुतेक वेळा एकच असतो. गाडीच्या डिकीत औषधे घेऊनच तो येतो. चिठ्ठी सक्तीची केली तर औषध कमी होईल हे आपण कशावरून धरले? मला तर उलट वाटते.

गायबगळा:

मी गेली अनेक वर्षे पक्षीनिरीक्षण करते आणि गिधाडांच्या संवर्धनाच्या कामाशी जोडलेली आहे. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. डॉक्टरांची काळजी मला पूर्णपणे मान्य आहे, तुलना मात्र मान्य नाही, आणि तुलना चुकली की उपायही चुकतो असे मला वाटते.

डायक्लोफिनॅकचा प्रश्न रसायनशास्त्राच्या दृष्टीने सरळ होता. औषध एक होते, ते पोहोचण्याचा मार्ग एक होता आणि मारण्याची पद्धतही एकच होती. शिवाय मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे बंदीच्या वर्षीच, २००६ मध्ये, प्रसिद्ध झाले. जनावराचा ताप उतरवणारे दुसरे औषध हाताशी होते म्हणून बंदी घालता आली. प्रतिजैविकांचे तसे नाही. सगळ्याच प्रतिजैविकांनी जिवाणूंवर निवडीचा ताण येतो, म्हणजे औषधाला न जुमानणारे जिवाणूच तगतात, त्यामुळे एक काढून दुसरे दिले तर हा रोध फक्त जागा बदलतो.

आणि सोपी असूनही ती बंदी कशी राबवली गेली, हे डॉक्टरांनी सांगितले नाही. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या. बंदीनंतरच्या वर्षांत अनेक राज्यांतल्या दुकानांची पाहणी झाली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक दुकानांत डायक्लोफिनॅक सापडले. मृत जनावरांच्या यकृताच्या नमुन्यांत ते बंदीपूर्वी साधारण अकरा टक्क्यांत सापडत असे, २००७-०८ मध्ये साडेसहा टक्क्यांत सापडले. फरक पडला, पण गिधाडांना पुरेल इतका नाही. माणसांसाठीची कुपी ३ मिलिलिटरची करण्याचा आदेश निघायला २०१५ उजाडले. त्यावरही औषध कंपन्या न्यायालयात गेल्या आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आदेश कायम ठेवला. ॲसिक्लोफिनॅक जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचेच डायक्लोफिनॅक होते, हे ठाऊक असूनही त्याच्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी २०२३ मध्ये आली आणि निमेसुलाइडवर तर २०२४ च्या अखेरीस. पहिल्या बंदीनंतर सतरा-अठरा वर्षे आम्ही एकेका औषधाच्या मागे धावत राहिलो. मला यातून मिळालेला धडा असा की, जनावरांसाठीचे नवे वेदनाशामक बाजारात येण्याआधी ते मृतभक्षी पक्ष्यांना सुरक्षित आहे की नाही हे तपासणे उत्पादकावर बंधनकारक हवे. हा धडा दुकानाच्या गल्ल्यापर्यंत येण्याच्या फार आधीचा आहे.

प्रतिजैविके आणि पक्षी यांचा थेट संबंध मात्र आहे, आणि तो या चर्चेत यायलाच हवा. मध्य स्पेनमध्ये गाईंच्या 'मॅड काउ' रोगानंतर गुरांची मढी उघड्यावर टाकण्यावर निर्बंध आले आणि गिधाडांच्या वाट्याला बंदिस्त वराहपालन व कुक्कुटपालनातली मढी जास्त येऊ लागली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या तीन जातींच्या गिधाडांच्या पिलांच्या रक्तात एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविके सापडली आणि त्या पिलांमध्ये बुरशीचे व इतर संसर्गही आढळले. म्हणजे जनावराला दिलेले प्रतिजैविकही मढ्यातून पक्ष्याच्या घरट्यापर्यंत जाते. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडे ताडोबात आणि पेंचमध्ये आणली गेली. ती जंगलाच्या कडेच्या गावांतले मढे खाणार, तेव्हा त्या मढ्यात शेवटच्या आठवड्यात काय काय टोचले गेले होते, हे आपल्याकडे तपासले जायला हवे असे मला मनापासून वाटते.

एक भीतीही सांगते. बगळे, कावळे आणि घारी रोधक जिवाणू वाहून नेतात, असे वाक्य लिहिताना कृपया फार जपून लिहावे. ते शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे, पण त्या पक्ष्याने औषध खाल्लेले नसते. त्याने आपला कचरा, आपले सांडपाणी आणि आपली मढी खाल्लेली असतात. बर्ड फ्लूच्या बातम्या येतात तेव्हा सारंगागारे (बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांच्या घरट्यांच्या वसाहती) असलेली झाडे तोडा, अशी मागणी लगेच पुढे येते. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे बर्ड फ्लूने मेले, तेव्हा ते रोगाची पहिली खबर देत होते. त्यांनाच आरोपी करणे अन्याय्य आहे.

वॉर्डातली डॉक्टर:

मी माणसांची डॉक्टर आहे आणि अतिदक्षता विभागात काम करते. गायबगळा ताईंचा मुद्दा मला पटतो, तरीही मी मूळ प्रस्तावाच्या बाजूने आहे, कारण एका औषधाला हात घातला तरी फरक पडतो याचा पुरावा उपलब्ध आहे.

ते औषध म्हणजे कोलिस्टिन. मूत्रपिंडांना त्रास होतो म्हणून माणसांत ते मागे पडले होते, पण बाकीची प्रतिजैविके निरुपयोगी ठरू लागली तशी आम्हाला ते पुन्हा हाती घ्यावे लागले. आमच्या रुग्णासाठी ते बहुधा शेवटचे औषध असते. त्याच काळात तेच औषध कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात वजन वाढवण्यासाठी मिसळले जात होते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चिनी संशोधकांनी एमसीआर-१ या जनुकाची माहिती प्रसिद्ध केली. हे जनुक कोलिस्टिनला रोध देते आणि एका जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे सहज जाऊ शकते. चीनने २०१७ मध्ये खाद्यातला कोलिस्टिन थांबवला. त्यानंतर डुकरांतील कोलिस्टिन-रोधी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर आणि कोंबड्यांत १८.१ वरून ५ टक्क्यांवर आले. इतकेच नव्हे, तर माणसांच्या आतड्यात हे जनुक असलेला ई. कोलाय आढळण्याचे प्रमाणही २०१६ ते २०१९ मध्ये १४.३ टक्क्यांवरून ६.३ टक्क्यांवर उतरले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनला मनाई केली.

२०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट जिवाणूंच्या औषधरोधामुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. मला या आकड्यापेक्षा माणसेच जास्त आठवतात. संवेदनशीलता चाचणीचा अहवाल हातात येतो आणि त्यात प्रत्येक औषधापुढे 'रोधक' असे लिहिलेले असते, तेव्हा नातेवाइकांना काय सांगायचे हे आम्हाला कोणी शिकवलेले नसते.

गोपालक दादांची अडचण खरी आहे. पण कोलिस्टिनसारखे औषध रात्री साडेदहाच्या तातडीसाठी वापरलेच जात नव्हते. अशा औषधांपुरते तरी दार बंद करायला हरकत नसावी.

शेडवाला, नाशिक जिल्हा:

माझे ब्रॉयलरचे शेड करार पद्धतीवर आहे. पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीकडून येते, पर्यवेक्षक सांगेल ते पाण्यात घालायचे आणि लॉट उचलला की हिशेब होतो. मला मिळणारा मोबदला जगलेल्या पक्ष्यांच्या वजनावर आणि लागलेल्या खाद्यावर ठरतो. खाद्याच्या पोत्यात नेमके काय आहे, हे मला माहीत नसते. माझ्यासारख्याकडे चिठ्ठी मागणे म्हणजे चुकीच्या माणसाचे दार ठोठावणे आहे.

मी रसायनशास्त्र शिकलो आहे, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. हैदराबादजवळच्या पटनचेरूला औषध कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया करून सोडले जात होते, त्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातसुद्धा ते इतके नसते. रोधक जिवाणू घडवण्याची अशी जागा असताना चर्चेची सुरुवात गोठ्यापासून का होते, हा प्रश्न मला पडतो. कोंबडीच्या शेडची जबाबदारी मी झटकत नाही. शेडमधली तुसाची गादी साफ ठेवली, गर्दी कमी ठेवली आणि मानमोडी व गंबोरोच्या लसी वेळेवर झाल्या की औषध फारसे लागत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. पण गर्दी किती ठेवायची हे ठरवणारा मी नाही.

पदविकाधारक:

मी पशुसंवर्धनाची पदविका घेतलेला आहे आणि गावोगाव उपचार करतो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे आमच्यासारख्यांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवाच देता येतात. प्रत्यक्षात देखरेख करणारा कुठे असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पहाटे अडलेली गाय मोकळी करायला आम्ही चालतो, आणि चर्चा निघाली की प्रतिजैविकांच्या गैरवापराचे खापर आमच्यावर फुटते.

आमच्या हातून चुका होतात, हे मी मान्य करतो. तिव्याच्या तापात, जो विषाणूमुळे येतो आणि बहुतेक वेळा तीन दिवसांत आपोआप उतरतो, मीही प्रतिजैविक टोचले आहे, कारण नुसता सल्ला दिला तर शेतकरी फी देत नाही आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतो. आम्हाला बाजूला सारणारा नियम करण्याऐवजी आम्हाला प्रशिक्षण, औषधांची ठरलेली यादी आणि फोनवर सल्ला देणारा पशुवैद्यक द्यावा. मग त्या यादीबाहेरचे औषध वापरले तर जरूर कारवाई करावी.

निवृत्त पशुवैद्यक:

सर्वांचे म्हणणे मी दोनदा वाचले. काही ठिकाणी मला माझे मत बदलावे लागेल, काही ठिकाणी मी ठाम आहे.

गायबगळा ताईंनी तुलनेतला दोष दाखवला तो बरोबर आहे. डायक्लोफिनॅकला पर्याय होता, प्रतिजैविकांना तसा नाही. मात्र माझ्या मनात जी तुलना होती ती औषधाची नव्हती, आमच्या वागण्याची होती. औषध जनावराच्या शरीरात संपते, गोठ्याच्या बाहेर त्याचे काही उरत नाही, असे आम्ही तेव्हा समजत होतो आणि आजही तसेच समजतो. स्पेनच्या पिलांचा दाखला देऊन त्यांनी माझाच मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडला आहे. मी बगळ्या-कावळ्यांबद्दल जे वाक्य लिहिले ते अधिक जपून लिहायला हवे होते, हेही मान्य.

गोपालकांनी औषध विकणारा आणि चिठ्ठी लिहिणारा एकच असतो असे म्हटले, त्यावर मी बराच वेळ थांबलो. आमच्या व्यवसायात हे बोलले जात नाही. डेन्मार्कने १९९५ च्या सुमारास पशुवैद्यकाला औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावर मर्यादा आणली आणि औषधांचा वापर लवकरच कमी झाला. त्याच वर्षी त्यांनी कोंबड्यांच्या खाद्यातले ॲव्होपार्सिन हे प्रतिजैविक बंद केले, आणि त्याच्याच गटातल्या, माणसांना दिल्या जाणाऱ्या व्हँकोमायसिनला रोध असलेल्या एन्टेरोकॉकस या जिवाणूचे प्रमाण ब्रॉयलर कोंबड्यांत १९९५ मधल्या ७२.७ टक्क्यांवरून २००० मध्ये ५.८ टक्क्यांवर आले. म्हणून माझ्या प्रस्तावात मी ही भर घालतो की, जो चिठ्ठी लिहितो त्याला त्या औषधाच्या विक्रीत नफा नसावा. हा नियम आम्हा पदवीधरांना आधी लागू करावा आणि पदविकाधारकांना नंतर.

शेडवाल्यांचे म्हणणे मान्य करूनच पुढे जायला हवे. खाद्यातल्या औषधाची जबाबदारी खाद्य बनवणाऱ्यावर असावी आणि पोत्यावर त्यातल्या प्रत्येक औषधाचे नाव मराठीत छापलेले असावे. पटनचेरूबद्दल त्यांनी लिहिले ते खरे आहे, पण कारखान्याचे सांडपाणी थांबेपर्यंत गोठ्याने काही बदलायचे नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. दोन्हींकडून येणारे जिवाणू एकाच ओढ्यात भेटतात.

ठाम कुठे आहे ते सांगतो. सेफ्ट्रायॅक्सोनसारखी तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन औषधे आणि एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधे नाव सांगून मिळू नयेत. गोपालकांच्या गाईसाठी त्या रात्री पेनिसिलिनच्या गटातली ट्यूब पुरेशी ठरली असती की नाही, हे मला सांगता येत नाही, आणि त्यांनाही सांगता येणार नाही, कारण दुधाचा नमुना घेतला गेला नव्हता. माझा खरा आग्रह त्या नमुन्यासाठी आहे. पदविकाधारकांनी जी ठरलेली यादी मागितली ती त्यांना मिळायलाच हवी. पहिल्या फळीतली औषधे त्यांच्या पेटीत असू द्यावीत आणि दुसऱ्या फळीतली अहवालाशिवाय निघू नयेत.

माणदेशचा गोपालक:

डॉक्टरसाहेब, यादीची गोष्ट मला मान्य आहे, कारण त्यात रात्रीचे दार पूर्ण बंद होत नाही. दुकानात विक्री बंद करण्याला माझा विरोध मात्र कायम आहे. आधी तालुक्याला रात्रपाळीचा एक तरी पशुवैद्यक द्या, मग त्यावर बोलू.

आपण विचारले नाहीत, तरी सांगतो. त्या गाईनंतर मी काही गोष्टी बदलल्या आहेत. धार काढल्यावर प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतो आणि लगेच पुढ्यात वैरण टाकतो, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहते आणि उघड्या सडाला शेण-माती लागत नाही. कास थोडी जरी गरम वाटली तरी कोरफड, हळद आणि चुना वाटून लेप देतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सांगते ते प्रमाण म्हणजे २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना. या वर्षी एकच ट्यूब लागली. एका गोठ्याच्या अनुभवावरून नियम होत नाही, हे मला समजते.

आता माझा साधा प्रश्न आहे. नमुना घ्या म्हणता, तर तो मी कसा घ्यायचा, कुठे द्यायचा आणि अहवाल येईपर्यंत गाईला काय द्यायचे?

निवृत्त पशुवैद्यक:

हा प्रश्न आपण विचारलात याचा मला फार आनंद झाला. कोणतेही प्रतिजैविक टोचण्याआधी नमुना घ्यायचा, ही पहिली अट. हात आणि कास धुऊन कोरडी करावी, सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्याव्यात आणि नंतरचे थोडे दूध निर्जंतुक बाटलीत, बाटलीच्या काठाला सड न लावता, तिरकी धरून घ्यावे. बाटलीवर गाईची आणि सडाची खूण लिहावी, बर्फात ठेवावी आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या पशुरोग प्रयोगशाळेत पोहोचवावी. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, तिथेही असे नमुने तपासले जातात. जिवाणू वाढवून कोणते औषध चालते हे पाहायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात.

तोवर आजारी सडाचे दूध वारंवार काढून टाकावे आणि ते वासराला पाजू नये. ताप असेल तर मेलॉक्सिकॅम द्यावे; ते गिधाडांना सुरक्षित आहे. गाय खाणे सोडून बसली, कान गार पडले किंवा दूध पाण्यासारखे पातळ झाले तर अहवालाची वाट न पाहता पहिल्या फळीतले औषध सुरू करावे, पण बाटली त्याआधी भरलेली असावी.